टँक परत करायची मुदत रोल धुण्याआधीच संपते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तरुण मंडळी फिल्म कॅमेऱ्याकडे पुन्हा वळताहेत, याबद्दल वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत अधूनमधून छापून येतं. कॅमेऱ्याचं कौतुक त्यात भरपूर असतं. रोल धुवायचा (म्हणजे रसायनांनी त्यावरची चित्रं उमटवायची) कशात आणि कसा, हे मात्र ‘घरच्या घरीही धुता येतो’ एवढ्या एका ओळीत उरकलेलं असतं. येतो, यात शंका नाही. कृष्णधवल रोल तर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उत्तम धुतला जातो. पण त्यासाठी मागवलेला टँक (झाकणाचं उजेडबंद भांडं), रीळ (फिल्म गुंडाळून टँकमध्ये ठेवायची चकती), काळी पिशवी (अंधारात फिल्म रिळावर चढवायला, म्हणजे लोड करायला) किंवा थर्मामीटर नवा कोरा असूनही खोटीचा निघाला तर काय करायचं, यावर कुणी लिहीत नाही. म्हणून हे पत्र.

घोळ मुदतीचा आहे. ऑनलाइन घेतलेली वस्तू परत करायला साधारण सात ते दहा दिवस मिळतात. ३६ फोटोंचा रोल संपायला मात्र महिना सहज लागतो. रोल धुऊन वाळला, निगेटिव्हवर उजेड लागल्याचे काळे पट्टे दिसले, तोवर मुदत केव्हाच उलटलेली असते. विक्रेत्याला फोन केला की उत्तर ठरलेलं: ‘लोड करताना तुमच्याकडूनच लाइट लागला असेल.’ यातली खरी गोम अशी की बऱ्याचदा त्याचं म्हणणं बरोबर असतं. नवशिक्याच्या हातून होणाऱ्या चुका आणि वस्तूतली खोट या दोन्हींच्या खुणा निगेटिव्हवर वरवर सारख्याच दिसतात. त्यामुळे खोट हातातली नसून वस्तूतली आहे, हे दाखवायचं तर पहिला खरा रोल टँकमध्ये जाण्याआधी, पार्सल आल्यापासून दोन-तीन दिवसांतच, साधं पाणी आणि एक फुकट घालवायचा रोल घेऊन सगळं तपासून घ्यायला हवं. मुदत उलटलेला रोल त्यासाठी चालतो. जुन्या फोटो स्टुडिओत विचारलं तर असा एखादा मिळून जातो.

सुरुवात खोक्यावरच्या लेबलापासून करावी. आयात केलेल्या बंद पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापणं बंधनकारक आहे. हे नसेल तर माल आडमार्गाने आलेला आहे आणि त्याची हमी कोणी घेणार नाही, असं धरून चालावं. खोकं फोडताना व्हिडिओ घ्यावा. त्यात लेबल, कुरिअरची चिठ्ठी आणि एकेक सुटा भाग दिसला पाहिजे.

सुटे भाग मोजण्याचं कारण आहे. पॅटरसन या कंपनीच्या पद्धतीच्या प्लॅस्टिक टँकमध्ये बाहेरचं भांडं, रीळ, रिळाच्या मधोमध जाणारी काळी नळी, नरसाळ्यासारखं झाकण, वरचं मऊ टोपण आणि रीळ फिरवायची काडी असते. यातली मधली नळी म्हणजे रीळ उभं राहावं म्हणून दिलेला नुसता दांडा, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात टँकमध्ये उजेड शिरू न देण्याचं निम्मं काम ती नळीच करते. नरसाळ्यातून ओतलेलं पाणी तिच्यातून तळाशी उतरतं आणि मग बाहेर पसरतं. उजेडाला मात्र ते वळण घेता येत नाही. नळी नसेल तर नरसाळ्यातून उजेड थेट फिल्मवर पडतो आणि अख्खा रोल काळा होतो. वापरलेल्या मालात आणि स्वस्त नकलांमध्ये नेमकी ही नळीच गायब असते किंवा सैल बसते. नळीचा रुंद बूड खाली, रीळ तिच्यावर, आणि नरसाळं फिरवल्यावर ‘टक्’ असा आवाज होऊन ते जागेवर बसलं पाहिजे. आवाज न होता ते गोल गोल फिरतच राहिलं, तर पुढची कुठलीही चाचणी न करता टँक परत करावा.

उजेडाची चाचणी दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात किल्लीच्या जुडग्याला अडकवतात तसला छोटा एलईडी टॉर्च चालू करून टँकमध्ये, नळीच्या बाहेर, ठेवावा. झाकण बसवून रात्री पूर्ण अंधाऱ्या खोलीत जावं आणि डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटं थांबावं. भांडं आणि नरसाळं जिथे जुळतात तिथे उजेडाची रेघ दिसली, किंवा प्लॅस्टिकच विटकरी रंगाचं उजळून निघालं, तर खोट आहे. नळीतून डोकावल्यावर तळाशी अगदी पुसट उजेड जाणवला, तर तेवढ्यावरून टँकला दोष देऊ नये. टॉर्च आतमध्ये आहे, आणि एवढा प्रखर उजेड परावर्तन होऊन थोडाफार वर येऊ शकतो.

पक्का निकाल फिल्मच देते. रात्री, खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये दिवा घालवून, न वापरलेल्या कृष्णधवल रोलचे बोटभर लांबीचे दोन तुकडे कापावेत. एक रिळात सरकवून टँक बंद करावा. दुसऱ्याचा कोपरा खुणेसाठी कापून तो काळ्या डबीत घालावा आणि डबी ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळावी. सकाळी टँक मऊ टोपणाशिवाय पंधरा मिनिटं उन्हात ठेवावा आणि मधूनमधून फिरवावा. टोपण मुद्दाम काढायचं, कारण ते फक्त पाणी सांडू नये म्हणून असतं. रसायनं ओतताना-काढताना ते उघडंच असतं, त्यामुळे उजेड अडवण्याचं काम झाकणानेच करायला हवं. मग पुन्हा अंधारात दुसरा तुकडाही त्याच रिळात घालून दोन्ही एकत्र धुवावेत. दोन्ही तुकडे सारखेच फिकट राखाडी निघाले तर टँक निर्दोष. टँकमधला तुकडा अधिक काळा, त्यातही एकाच कडेला अधिक काळा निघाला, तर उजेड झाकणाच्या बाजूने शिरतोय. दुसरा तुकडा नसेल तर ही चाचणी निरर्थक आहे. मुदत उलटलेल्या फिल्मला मुळातच थोडं फॉग (उजेड न लागताही येणारी काळपट झाक) असतं, आणि ‘फिल्मच जुनी होती’ असं म्हणायला विक्रेता मोकळा राहतो.

काळ्या पिशवीचा संशय असेल तर ती वरच्या चाचणीत अजिबात वापरू नये. एका वेळी एकाच वस्तूची परीक्षा घ्यावी, नाहीतर दोष कुणाचा हे कधीच कळत नाही. पिशवीची स्वतंत्र परीक्षा सोपी आहे. अंधारात फिल्मचा एक तुकडा सपाट पुठ्ठ्यावर चिकटवावा, त्यावर दहा रुपयांचं नाणं ठेवावं आणि पुठ्ठा पिशवीत घालून दोन्ही चेन लावाव्यात. बाह्या रबरबँडने आवळून पिशवी नेहमीच्या उजेडात दहा मिनिटं ठेवावी. तुकडा धुतल्यावर नाण्याची गोल, फिकट सावली उमटली तर कापडातून किंवा चेनमधून लाइट लागतोय. सावली नाही उमटली तर हीच चाचणी बाह्यांमध्ये हात घालून पुन्हा करावी. आता सावली आली तर दोष बाह्यांच्या इलॅस्टिकचा. शिवणीत सुईची भोकं मोठी राहणं आणि आतली-बाहेरची चेन एकाच टोकाला संपणं, या दोन खोटी स्वस्त पिशव्यांत फार आढळतात. पिशवीतून लागलेल्या लाइटची आणखी एक ओळख म्हणजे रोल घट्ट गुंडाळलेला असताना वरच्या थराच्या कडेच्या भोकांतून उजेड खालच्या थरावर पडतो, आणि फिल्मच्या कडेला भोकांची काळी रांग छापलेली दिसते.

आता पाणी. टँकमध्ये ६०० मिली पाणी भरून, टोपण मधोमध दाबून हवा काढत बसवावं, टँक बाहेरून पुसून किचनच्या वजनकाट्यावर ठेवावा आणि वजन लिहावं. मग दहा वेळा उलटा-सुलटा करून, बाहेरून पुसून, पुन्हा वजन करावं. दोन-तीन ग्रॅम कमी भरलं, म्हणजे कडेला थेंब आले, तर त्यात तक्रारीसारखं काही नाही. दहा ग्रॅमच्या वर गेलं तर टोपण साच्यात नीट ओतलेलं नाही. त्याच्या आतल्या कडेवर बोट फिरवलं की साच्यातून राहिलेला खडबडीत ओठ लागतो. हीच चाचणी ४० अंशांच्या पाण्यानेही करावी. रंगीत रोल ३८ अंशांना धुतात, तेव्हा आतली हवा तापून फुगते आणि थंड पाण्याला न गळणारं टोपणही वर उचललं जातं. पहिल्या एक-दोन हालचालींनंतर टोपणाची कड किंचित उचलून हवा सोडली की बहुतेक टँक शांत होतात. तरीही गळत असेल तर मात्र ती खोट.

पाणी भरलेलंच आहे तर रीळ बुडतंय का, तेही पाहून घ्यावं. पॅटरसनच्या टँकच्या तळाशी एका ३५ मिमी रोलला २९० मिली आणि एका १२० (जास्त रुंद) रोलला ५०० मिली असे आकडे कोरलेले असतात. नकली टँकवर हेच आकडे जसेच्या तसे उचललेले असतात. आतलं माप मात्र वेगळं असू शकतं. झाकण न लावता, भर उजेडात, रीळ नळीवर बसवून तेवढं पाणी ओतावं. रिळाची वरची कड पाण्याखाली गेलीच पाहिजे. नाही गेली तर निगेटिव्हच्या एका कडेला लांबच्या लांब फिकट पट्टा येतो. दोन रिळांच्या टँकमध्ये एकच रीळ घातलं आणि ते अडवणारी क्लिप सैल असली, तर उलटापालट करताना ते वर सरकतं आणि तोच पट्टा दिसतो. तिथे टँकची चूक नसते. वर एक रिकामं रीळ ठेवलं की काम भागतं.

सगळ्यात जास्त तक्रारी रिळाच्या असतात, आणि सगळ्यात जास्त घोळही तिथेच. प्लॅस्टिकच्या रिळाच्या दोन चकत्या असतात आणि प्रत्येकीच्या तोंडाशी एकेक छोटी पोलादी गोळी. चकत्या मागे-पुढे फिरवल्या की गोळ्या फिल्मला आळीपाळीने पकडतात आणि आत ढकलतात. रीळ कानाशी धरून हलवावं. दोन्ही गोळ्या खुळखुळल्या पाहिजेत. एकीकडून आवाज नसेल तर गोळी अडकली आहे किंवा घातलेलीच नाही. मग फुकट घालवायचा रोल उजेडातच, पूर्ण कोरड्या रिळावर, पाच-सहा वेळा शेवटपर्यंत चढवावा. ३६ फोटोंची फिल्म दीड मीटरहून थोडी जास्तच भरते. दर वेळी ती नेमकी त्याच वेढ्यावर, त्याच जागी अडत असेल तर तिथे साच्याची धार राहिली आहे, खोट रिळाची. दर वेळी वेगवेगळ्या जागी अडत असेल तर हात अजून बसलेला नाही, किंवा रीळ दमट आहे, किंवा फिल्मच्या टोकाचे कोपरे गोल कापलेले नाहीत. हा फरक विक्रेत्याला व्हिडिओत दाखवता येतो. अडण्याची जागा पेन्सिलीने खूण करून तीनदा दाखवली की त्याच्याकडे उत्तर राहत नाही.

इथे एक मोह आवरायला हवा. धार दिसली की बारीक पॉलिश पेपरने घासून टाकावीशी वाटते, आणि घासली तर रीळ चालूही लागतं. पण घासलेलं रीळ कोणी परत घेत नाही. त्यामुळे आधी ठरवावं: परत करायचं की दुरुस्त करायचं. मुदत शिल्लक असेल तर हात लावू नये.

पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत रिळाच्या तक्रारी एकदम वाढतात, त्याचं मूळ मात्र हवेत असतं. पिशवीत दहा मिनिटं घामेजलेले हात असले की फिल्म मऊ पडते आणि दमट प्लॅस्टिकला चिकटते. रीळ आदल्या दिवशी सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डब्यात ठेवावं. आधीच्या खेपेचं वेटिंग एजंट (पाण्याचे डाग राहू नयेत म्हणून शेवटी वापरायचा द्राव) धुतलं गेलं नसेल तर त्याचाही चिकट थर बसतो. गरम पाणी आणि जुना टूथब्रश त्याला पुरेसा आहे. निगेटिव्हवर नखाएवढ्या चंद्रकोरी दिसल्या तर लोड करताना फिल्म मुडपली गेली, असं समजावं. त्या खुणा रिळाच्या नसतात. मळकट पांढरट, कधी जांभळट, अपारदर्शक ठिगळ दिसलं तर तिथे फिल्मचे दोन वेढे एकमेकांना चिकटले आणि रसायन पोचलंच नाही. हे एकदा झालं तर हाताचं; एकाच वेढ्यावर पुन्हा पुन्हा झालं तर रिळाचं.

स्टीलचं रीळ कुरिअरमध्ये आपटलं की वाकतं, आणि नजरेला ते कळत नाही. सपाट काचेवर कडेवर घरंगळवून पाहावं. डुगडुगलं तर वाकलंय. व्हर्नियर कॅलिपर असेल तर दोन चकत्यांमधलं अंतर चार ठिकाणी मोजावं. एका बाजूला अर्धा मिलिमीटर जरी फरक निघाला, तरी फिल्म खाच सोडते. हातांनी सरळ करायचा प्रयत्न केला की ते दुसरीकडे वाकतं, तेव्हा सरळ परत पाठवणं बरं. थ्री-डी प्रिंट केलेली रिळं आणि नळ्या हल्ली स्वस्तात मिळतात. त्यांच्या थरांच्या फटींत फिक्सर (चित्र कायम करणारं रसायन) साचून राहतो आणि पुढच्या खेपेला डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) उतरतो. नळी तर त्या पद्धतीची घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

थर्मामीटरची खोट सगळ्यात उशिरा लक्षात येते. कृष्णधवल रोलच्या वेळा २० अंशांसाठी दिलेल्या असतात, आणि एक अंश चुकला की वेळ साधारण आठ-दहा टक्क्यांनी बदलावी लागते. थर्मामीटर दोन अंश कमी दाखवत असेल तर प्रत्येक रोल जास्त शिजतो आणि दोष कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला दिला जातो. रंगीत रोलची गोष्ट आणखी नाजूक. सी-४१ पद्धतीत डेव्हलपर ३७.८ अंशांना सव्वातीन मिनिटं, आणि चूक चालते ती जेमतेम ०.१५ अंशाएवढी. काचेच्या, लाल द्रव असलेल्या थर्मामीटरमध्ये प्रवासात द्रवाचा धागा तुटतो. भिंगातून पाहिलं तर मध्ये केसाएवढी रिकामी फट दिसते, आणि त्या फटीएवढं तापमान जास्त दाखवलं जातं. बर्फ आणि मिठाच्या मिश्रणात बूड धरून सगळा द्रव खाली बुडात ओढून घेतला की धागा बहुधा सांधतो. नाही सांधला तर बदलून मागावा.

मोजणी बरोबर आहे का, हे पाहायला घरातलंच साधन आहे. ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर ३८ अंशांच्या आसपास अंशाच्या दहाव्या भागापर्यंत भरवशाचा असतो. भांड्यात ३९ अंशांच्या जवळचं पाणी घेऊन, ढवळत, दोन्ही शेजारी शेजारी धरावेत. खालच्या टोकासाठी कुटलेला बर्फ आणि जेमतेम तो भिजेल एवढं पाणी थर्मासमध्ये घालून तीन मिनिटं थांबावं. शून्य दिसायला हवं. उकळत्या पाण्याने परीक्षा घेऊ नये. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे आणि तिथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. चांगला थर्मामीटर उगाच खोटा ठरायचा. सगळीकडे सारखाच एक-दीड अंशाचा फरक असेल तर त्यावर चिठ्ठी चिकटवून वापरता येतो. फरक बदलता असेल तर तो थर्मामीटर उपयोगाचा नाही.

मापाचा जार वजनकाट्यावर ठेवून काटा शून्य करावा आणि १०० मिलीच्या रेघेपर्यंत पाणी भरावं. १०० ग्रॅम भरलं पाहिजे, एखादा ग्रॅम इकडे-तिकडे. मोठ्या मापात पाच टक्के चूक खपून जाते. पण रॉडिनलसारखा डेव्हलपर १ला ५० घ्यायचा तर ६०० मिलीमध्ये तो जेमतेम १२ मिली पडतो, आणि तिथे दोन मिलीची चूक म्हणजे सहावा हिस्सा. एवढ्याशा मापासाठी मेडिकलच्या दुकानातली २० मिलीची सिरिंज जारपेक्षा बरी.

पाणी गरम ठेवणारा हीटर किंवा टँक फिरवणारं यंत्र घेतलं असेल तर प्लगची पिन आणि व्होल्टेज आधी वाचावं; ११० व्होल्टचं यंत्र आपल्याकडच्या २३० व्होल्टला जोडलं की दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही. हीटर लावल्यावर घरातला आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडला तर पुन्हा लावून बघू नये. हीटर परत पाठवावा.

रसायनांची खोट टँकच्या नावावर खपू नये म्हणून दोन मिनिटांची परीक्षा आहे. फिल्मचा कापलेला लीडर (रोलचं बाहेर आलेलं टोक) भर उजेडात डेव्हलपरमध्ये टाकावा. काही मिनिटांत तो काळाकुट्ट झाला पाहिजे. दुसरा तुकडा फिक्सरमध्ये टाकावा आणि तो स्वच्छ पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहावं. ताज्या रॅपिड फिक्सरमध्ये मिनिटभरात होतो, साध्या हायपोत (जुन्या पद्धतीच्या, सावकाश चालणाऱ्या फिक्सरमध्ये) जास्त वेळ लागतो. जो वेळ येईल त्याच्या दुप्पट वेळ फिक्स करायचं. डी-७६ या डेव्हलपरची पूड पांढरट असायला हवी, तपकिरी झालेली असेल तर पाकिटात हवा शिरली आहे. रॉडिनल मात्र काळपट तपकिरी दिसला म्हणून घाबरू नये. तो तसा असला तरी चालतो. फिक्सरमध्ये पिवळसर कण तरंगत असतील आणि गंधकाचा वास येत असेल तर बाटली परत करावी.

एवढं करूनही बिघडलेला रोल हातात आला, तर निगेटिव्हच्या कडेला पाहावं. तिथे कंपनीने कारखान्यातच उमटवलेली नावं आणि आकडे असतात; त्यांचा कॅमेऱ्याशी संबंध नसतो. कडेची अक्षरं ठसठशीत आणि चित्रं पुसट असतील तर धुण्यात चूक नाही, कॅमेऱ्यात उजेड कमी पडला. अक्षरंही पुसट असतील तर डेव्हलपर, तापमान किंवा वेळ तपासावी. फिल्म कोरी पण अक्षरं ठळक असतील तर रोल कॅमेऱ्यात पुढे सरकलाच नाही. अक्षरांसकट सगळंच कोरं असेल तर डेव्हलपर मेलेला होता, किंवा आधी फिक्सर ओतला गेला. काळे डाग प्रत्येक चौकटीत त्याच जागी येत असतील तर कॅमेऱ्याच्या मागच्या दाराचा फोम झिजलाय. टँकमधून लागलेला लाइट चौकटी मोजत बसत नाही, तो बाहेरच्या वेढ्यांवर जास्त आणि आतल्या वेढ्यांवर कमी होत जातो. वाळल्यावर दिसणारे पांढरे ओघळ बोअरच्या जड पाण्याचे असतात. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घेतलं की ते जातात.

आता कायद्याचं. ‘पाकीट उघडलं, परत घेणार नाही’ हे वाक्य खोटीच्या मालाला लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घ्यायला व पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ऑनलाइन खरेदीला २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल विक्रेत्याला नाकारता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. तिथे दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग: तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल होते. गरज पडली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण दोन-चार हजारांच्या टँकसाठी प्रकरण तिथवर जाऊ नये, हेच बरं.

ते जाऊ नये म्हणून पहिली तक्रारच नेमकी लिहावी. ‘टँक खराब आहे, रोल वाया गेला’ असं लिहिलं की उत्तरात हाताळणीचे सल्ले येतात. त्याऐवजी असं लिहावं: ‘टँकमध्ये ६०० मिली पाणी भरून दहा वेळा उलटा केला असता १८ ग्रॅम पाणी सांडले, टोपणाच्या आतल्या कडेवर साच्याचा उंचवटा आहे, वजनाचा आणि कडेचा व्हिडिओ सोबत आहे, टोपण बदलून द्यावे किंवा पैसे परत करावेत.’ वाया गेलेल्या फोटोंची भरपाई मागण्याच्या फंदात सहसा पडू नये. फिल्मच्या खोक्यावर कंपन्याही फक्त नवा रोल देण्यापुरतीच जबाबदारी घेतात, आणि मोठी मागणी पाहून विक्रेता साधं टोपण द्यायलाही कचरतो.

परदेशी संकेतस्थळावरून थेट मागवलेल्या मालाचं गणित वेगळं. परतीचा टपालखर्च बऱ्याचदा टँकच्या किमतीच्या जवळ जातो, म्हणून तिथे फक्त खोटीच्या भागाची बदली मागावी. लंडनच्या नातेवाइकाने तिथून घेऊन दिला असेल तर हक्क बिलावर ज्याचं नाव त्याचा. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने त्याला ३० दिवसांत सदोष वस्तू नाकारून पैसे मागता येतात. भेटवस्तू म्हणून आणलेला टँक दिवाळीपर्यंत कपाटात ठेवला तर हे दिवस फुकट जातात.

विक्रेते आणि आयातदार यांच्याकडेही एक मागणी आहे. टोपण, मधली नळी, क्लिप आणि एकेकटं रीळ हे भाग सुटे विकायला ठेवावेत. दहापैकी नऊ तक्रारी या चार भागांच्याच असतील, तर त्यासाठी अख्खा संच मागे-पुढे पाठवण्यात दोन्हीकडचा खर्च होतो. आणि टँकच्या खोक्यात मराठी-हिंदीत एक चिठ्ठी घालावी: प्रत्येक भागाचं चित्र, प्रत्येक रोलला किती मिली लागतं याचा त्या टँकवर मोजलेला आकडा, आणि टोपण गळलं तर कोणत्या क्रमांकावर कळवायचं ते.

आपला,
एक वाचक, पुणे